कोल्हापूरच्या हवेत सागवानी फ्लोअरिंगची निगा: फटी, उचललेल्या कडा आणि पॉलिशची घाई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रुईकर कॉलनीतील बंगल्यात दिवाणखान्यात आणि दोन खोल्यांत सागवानी पट्ट्यांचे फ्लोअरिंग आहे. पट्ट्या साधारण चार इंच रुंद असून काँक्रीटच्या कोब्यावर बसवलेल्या आहेत आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश केलेले आहे. मार्चमध्ये पट्ट्यांच्या मध्ये नखाची कड जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. आता ऑगस्टमध्ये त्या मिटल्या आहेत, पण खिडकीकडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यांच्या कडा वर आल्यासारख्या हाताला लागतात, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी चमक पार उडाली आहे. पॉलिशवाल्यांनी सगळे फ्लोअरिंग मशीनने घासून, फटींत लांबी (पुट्टी) भरून, गणपतीच्या आत नवे पॉलिश करून देण्याची तयारी दाखवली आहे. ते करावे का, आणि एरवी रोजची निगा कशी ठेवावी, असे तुम्ही विचारले आहे.

गणपतीच्या आत घासकाम मुळीच करू नका. पॉलिशवाल्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. त्यांच्या दृष्टीने चमक गेली की घासायचे, हा सरळ हिशेब आहे. पण तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगवेगळी आहेत. त्यांपैकी एक तक्रारच नाही, दुसरीचे मूळ बहुधा भिंतीत किंवा खिडकीत आहे, आणि फक्त तिसरी पॉलिशची आहे. तिन्हींवर आज एकच उपाय केला, तर येत्या फेब्रुवारीत तुमच्यासमोर आजच्यापेक्षा वाईट फ्लोअरिंग असेल.

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते, आणि झाड कापून कितीही वर्षे झाली तरी हे थांबत नाही. पॉलिशने त्याचा वेग कमी होतो, पण ते पूर्ण बंद पडत नाही. खोलीतील आर्द्रता बराच काळ ३० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर लाकडातील ओलावा ६ टक्क्यांपर्यंत उतरतो. आर्द्रता ५० टक्के असेल तर तो ९ च्या आसपास राहतो, आणि ८० टक्क्यांवर तो १५-१६ पर्यंत चढतो. आता आपल्या गावाची हवा बघा. सह्याद्रीच्या कुशीत असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही, भिंतींना हात लावला तरी गारवा लागतो आणि हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते. तेच फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी ती ३० किंवा त्याच्याही खाली येते. युरोपातील ओकच्या फ्लोअरिंगसाठी लिहिलेली माहितीपत्रके वर्षभर ४० ते ६० टक्के आर्द्रता ठेवा असे सांगतात. सल्ला योग्यच आहे, पण आपल्याकडे खिडक्या उघड्या टाकून राहणाऱ्या घरात तो आपोआप साधत नाही.

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, रुंदीच्या दिशेने हलते. सागवान या बाबतीत बरेच शांत लाकूड आहे. तरीही सरळ चिरलेली, म्हणजे वर कमानीसारख्या रेषा दिसणारी चार इंची पट्टी घेतली आणि तिच्यातील ओलावा ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेला, तर ती सुमारे एक मिलिमीटर रुंद होते. उभ्या चिरेची, म्हणजे वर समांतर रेषा दिसणारी पट्टी त्याच्या जेमतेम निम्मी हलते. तुमच्या मार्चमधल्या फटी म्हणजे हाच एक मिलिमीटर. त्या पावसाळ्यात मिटल्या, यावरूनच फ्लोअरिंग नीट वागते आहे हे कळते. अशा फटींत मार्चमध्ये भुसा आणि फेव्हिकॉल कालवून लांबी भरली, की पावसाळ्यात फुगणाऱ्या पट्टीला जागा उरत नाही. मग एकतर लांबी चुरडून वर येते किंवा पट्ट्या एकमेकींना रेटून मधेच उचलल्या जातात. शिवाय फेव्हिकॉलचे ते मिश्रण पॉलिश धरत नाही आणि नंतर प्रत्येक फट मळक्या रेषेसारखी डोळ्यांत भरते. पावसाळ्यातही उघडी राहणारी फट मात्र कायमची समजावी. तिच्यात त्याच लाकडाची बारीक चीप एका बाजूने चिकटवून बसवावी, दोन्ही बाजूंनी चिकटवू नये.

आता उचललेल्या कडांकडे येतो, कारण खरी काळजी तिथे आहे. पट्टीचा मध्य खोल आणि दोन्ही कडा वर, असा आकार आला म्हणजे पट्टीची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त ओली आहे. खालचा भाग फुगतो, वरचा तेवढा फुगत नाही, आणि पट्टी पन्हाळीसारखी वळते. संपूर्ण खोलीत हे सारखे आणि अगदी थोडे झाले असेल तर तो पावसाळ्याचा परिणाम असू शकतो, आणि डिसेंबरपर्यंत तो पुष्कळसा उतरतो. पण तुमच्याकडे तो एकाच भिंतीलगत आहे. एका बाजूचा ओलावा एका जागेहूनच येतो, आणि ती जागा शोधल्याशिवाय लाकडाला हात लावण्यात अर्थ नाही.

नागाळा पार्कातील एका घरी मी असेच काम पाहिले होते. खिडकीखालच्या पाच-सहा पट्ट्या वळलेल्या होत्या आणि घरच्यांनी खिडकीतून येणाऱ्या पावसाला दोष देऊन सिलिकॉन भरून घेतले होते. ओलावा मोजायचे दोन सुयांचे मीटर असते. त्याच्या सुया पट्टीच्या सांध्यात टोचल्या तेव्हा खोलीच्या मध्यावर १२ आणि भिंतीजवळ १९ असा आकडा आला. पण तो आकडा खिडकीच्या बरोबर खाली सर्वांत जास्त नव्हता. डाव्या कोपऱ्याकडे सरकावे तसा तो वाढत होता. त्या कोपऱ्यातले स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी, हलक्या हाताने काढले. मागचा गिलावा बोटाने खरवडला तर ओली वाळू हातात आली, आणि फ्लोअरिंग व भिंत यांमधील मोकळ्या जागेत पांढरी बुरशी धरली होती. एसीच्या पाण्याची नळी भिंतीतून नेली होती आणि तिचा आतला सांधा गळत होता. नळी बदलली, स्कर्टिंग दोन महिने काढूनच ठेवले, खोलीत पंखा चालू ठेवला, आणि थंडीत त्या पट्ट्या इतक्या खाली बसल्या की घासायची गरज फक्त दोन पट्ट्यांना पडली.

तुम्हीही याच क्रमाने जा. खिडकीच्या चौकटीची बाहेरची कड आणि खालचा दगडी किंवा ग्रॅनाइटचा पाट बघा. त्याचा उतार बाहेर आहे का, आणि त्याखाली पाणी परत भिंतीकडे वळू नये म्हणून खाच आहे का, ते तपासा. नैर्ऋत्येकडचा पाऊस तिरका येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला बाहेरून केसासारखी भेग असली तरी पाणी आत यायला ती पुरते. भिंतीपलीकडे न्हाणीघर, बाल्कनी किंवा कुंड्यांची रांग आहे का ते पाहा. मग एका ठिकाणचे स्कर्टिंग काढून घ्या. फ्लोअरिंग आणि भिंत यांत १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा असायला हवी. ती जागा सिमेंटने किंवा तुटक्या तुकड्यांनी भरलेली आढळली, तर ती स्वच्छ करवून घ्या, कारण फुगलेल्या फ्लोअरिंगला सरकायला तेवढीच वाट असते.

वळलेली पट्टी आत्ता घासली तर काय होईल, हेही सांगतो. मशीन उंच कडा खाऊन टाकते आणि वरचा पृष्ठभाग सपाट होतो. मग हिवाळ्यात खालची बाजू वाळते, पट्टी मूळ आकाराला येऊ पाहते, आणि आता कडांचे लाकूड कमी झालेले असल्याने मध्य फुगीर होतो. तो पुन्हा सपाट करायचा म्हणजे आणखी एकदा घासायचे. एका पूर्ण घासकामात साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. तुमच्या पट्ट्या भरीव सागवानाच्या आणि १८-२० मिलिमीटर जाडीच्या असतील, तर टंग-ग्रूव्हच्या, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवणाऱ्या जीभ-खाचेच्या, वर कामी येणारे लाकूड ६ ते ८ मिलिमीटरच असते. ही शिल्लक मोठी नाही. ती जपून खर्चायची असते. पट्ट्या इंजिनिअर्ड असतील, म्हणजे खाली प्लाय आणि वर सागवानाचा २ ते ४ मिलिमीटरचा थर असेल, तर आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घासता येते. वरचा थर त्याहूनही पातळ असेल तर घासकामाचे नावही काढू नये. आणि लॅमिनेट असेल, तर त्यावर लाकडाचे छापील चित्र असते, ते घासले की खालचा बोर्डच दिसतो. कोणत्या जातीचे फ्लोअरिंग आहे हे उंबरठ्यापाशी किंवा काढलेल्या स्कर्टिंगखाली पट्टीचा छेद पाहून एका मिनिटात कळते. कोणी मशीन घेऊन यायच्या आधी ते स्वतः पाहून घ्या.

रोजच्या निगेत फ्लोअरिंगला सर्वांत जास्त त्रास दोन गोष्टींचा होतो: कच आणि पाणी. चपलांना चिकटून येणाऱ्या मातीत वाळूचे बारीक कण असतात, आणि ते कोणत्याही पॉलिशपेक्षा कितीतरी कठीण असतात. त्यावरून माणूस चालला की प्रत्येक पावलाला पॉलिशवर बारीक ओरखडा उठतो. स्वयंपाकघराच्या दाराशी, सोफ्याच्या पुढ्यात आणि जिन्याच्या तोंडाशी चमक आधी जाते ती यामुळेच. बाहेर एक खरखरीत पायपुसणे आणि आत एक मऊ कापडी पायपुसणे ठेवा, चपला दाराबाहेरच राहू द्या, आणि रोज मऊ झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्रशच्या तोंडाने केर काढा. फिरता रूळ असलेले तोंड वापरू नका. आतल्या पायपुसण्याच्या खाली रबर किंवा प्लास्टिकचे अस्तर नको. त्यातील रसायने पॉलिशमध्ये उतरतात आणि जो पिवळट डाग पडतो तो पुसून जात नाही. खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याचे चकते लावा आणि दर काही महिन्यांनी बदला, कारण त्यांत कच रुतली की तेच काचपेपरचे काम करू लागतात.

पाण्याच्या बाबतीत आपल्या घरोघरच्या सवयीशी थोडा झगडा करावा लागतो, हे मला माहीत आहे. फरशी म्हटली की बादली, फिनेल आणि ओले पोतेरे हे आपल्या हाडीमासी भिनलेले आहे. दसरा काढताना तर शहाबादी फरशीवर पाणी ओतून ती खराट्याने घासल्याशिवाय घर स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाही. लाकडाला ही स्वच्छता सोसत नाही. पट्ट्यांच्या सांध्यांत पॉलिश अखंड नसते, तिथून पाणी खाली उतरते आणि कोब्यावर साचून राहते. घरकाम करणाऱ्या मावशींना हे एकदा शांतपणे, हातात फडके घेऊन दाखवा. मायक्रोफायबरचे फडके पाण्यात बुडवून इतके घट्ट पिळायचे की पुसल्यावर राहिलेला ओलसर माग मिनिटभरात आपोआप सुकला पाहिजे. तो सुकला नाही तर फडके जास्त ओले आहे. रोज पुसण्याचीही गरज नाही. कोरडा केर रोज आणि ओलसर फडके आठवड्यातून एकदा, एवढे पुरते. पावसाळ्यात तेही कमी करा. पाण्यात घालायचे तर लाकडी फ्लोअरिंगसाठी मिळणारे सौम्य द्रावण किंवा भांडी घासायच्या द्रव साबणाचे चारदोन थेंब. फिनेल, ॲसिड, ब्लीच, धुण्याचा सोडा यांपैकी काहीही नको. व्हिनेगर किंवा लिंबाचे पाणी अनेकजण सुचवतात, पण वारंवार वापरले तर पॉलिश निस्तेज होते. वाफेचा मॉप तर घरातच आणू नका, कारण तो गरम वाफ थेट सांध्यांत दाबतो.

सणासुदीच्या दिवसांत काही गोष्टी विशेष सांभाळाव्यात. रांगोळी ही दगडाची पूड आहे, आणि लाकडावर काढलेली रांगोळी पायाखाली आली की ती पॉलिश खरवडते. देवापुढे पाट किंवा जुन्या फरशीचा तुकडा ठेवून त्यावर रांगोळी काढा, आणि सांडलेली पुसू नका, आधी मऊ कुंच्याने उचला. समई आणि पणत्या ताटलीत ठेवा. तेलाचा ओघळ पीयूवरून पुसला जातो, पण जिथे पॉलिश झिजले आहे तिथे तो लाकडात मुरतो. मुरलेल्या तेलावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर रात्रभर टाकून ठेवली तर बरेच तेल ओढून घेतले जाते, तांबड्या रश्श्याचा तवंग सांडला तरी हाच उपाय. हळदीचा डाग साबणाच्या फडक्याने पुसून उरलाच, तर पडदा सरकवून त्यावर ऊन येऊ द्या. हळदीचा रंग उन्हात विरतो. कुंकवाचा रंग असा जात नाही, म्हणून हळदीकुंकवाच्या वेळी खाली चादर अंथरावी हे बरे. कलशाखाली, फुलदाणीखाली आणि कुंडीखाली बशी ठेवली तरी बशीच्या खाली दव धरते, म्हणून तिला उंच पाय हवेत.

चमक गेलेल्या जागेचे काय करायचे, हे ठरवण्याआधी तिथले पॉलिश अजून शिल्लक आहे का ते पाहावे लागते. दाराशी, चमक नसलेल्या भागावर पाण्याचा एकच थेंब टाका आणि दहा मिनिटे थांबा. थेंब तसाच टपोरा राहिला आणि पुसल्यावर खाली काही खूण दिसली नाही, तर पॉलिशचा थर अजून आहे आणि फक्त ओरखड्यांनी निस्तेज झाला आहे. थेंबाखालचे लाकूड गडद झाले, तर तिथले पॉलिश संपले आहे आणि लाकूड उघडे पडले आहे. पहिल्या अवस्थेत फार चांगला आणि स्वस्त उपाय असतो: १२० ते १५० नंबरच्या जाळीच्या पेपरने वरचा थर फक्त खरखरीत करायचा, धूळ पूर्ण काढायची आणि पीयूचा एक हात, गरज वाटल्यास दोन, मारायचे. यात लाकूड अजिबात जात नाही. वापर जास्त असलेल्या खोलीत हे तीन ते पाच वर्षांनी एकदा केले तर मुळापासून घासण्याची वेळ दशकानुदशके येत नाही. लाकूड उघडे पडेपर्यंत वाट पाहिली, की तो भाग पूर्ण घासणे भाग पडते, आणि जुन्या-नव्या भागाचा रंग जुळवणे हे अवघड काम मागे लागते.

पण हा उपाय करायचा असेल तर मधल्या काळात फ्लोअरिंगवर मेण, फर्निचरचा सिलिकॉनयुक्त स्प्रे किंवा चमक आणणारी कोणतीही बाटली वापरलेली चालत नाही. त्यांवर पीयू धरत नाही. ते माशाच्या डोळ्यासारखे ठिपके टाकते किंवा महिन्याभरात सोलून निघते. असे काही वापरले असेल तर पॉलिशवाल्यांपासून ते लपवू नका. खोबरेल तेल चोळण्याची पद्धतही सोडा. खोबरेल सुकत नाही, चिकट राहते आणि धूळ धरते. अळशीचे तेल हवेत सुकून कडक होते, म्हणून ते लाकडासाठी वापरतात, पण तेही पीयूच्या वरून लावून काही उपयोग नाही. ते उघड्या लाकडात मुरायला हवे. तुमच्याकडे पीयू आहे असे तुम्हाला सांगितले आहे, तरी जुन्या भागात लाखेचे पॉलिश असण्याची शक्यता वाटली तर सोफ्याखालच्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून पाहा. लाखेचे पॉलिश लगेच चिकट होते, पीयूवर काही होत नाही.

डागांच्या बाबतीत रंग पाहून अंदाज येतो. पांढरट गोल डाग म्हणजे ओलावा पॉलिशच्या थरातच अडकला आहे. तो बहुधा काही दिवसांत आपोआप फिका होतो, आणि न झाल्यास वरच्या थराच्या दुरुस्तीतच निघून जातो. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचले आहे, आणि जवळ लोखंडी खिळा किंवा कुंडीचे लोखंडी स्टँड असेल तर लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांची शाई तयार झाली आहे. तो घासून काढू पाहिल्यास खड्डा पडतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचे द्रावण लावतात, पण ते विषारी असते, पॉलिश काढलेल्या लाकडावरच चालते आणि नंतर काळजीपूर्वक पुसून काढावे लागते. हे काम हातमोजे आणि मास्क वापरणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

किडीसंबंधी तुम्ही विचारलेले नाही, पण स्कर्टिंग काढणारच आहात तर पाहून घ्या. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि तिचा बंदोबस्त जमिनीतून व भिंतीच्या पायातूनच करावा लागतो, वरून फवारून भागत नाही. सुईच्या टोकाएवढी गोल भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर लाकूड पोखरणारा भुंगा आहे. तो सागवानाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, सालीकडच्या फिकट, पांढऱ्या लाकडाला लागतो. त्यामुळे बदलायच्या पट्ट्या घेताना पांढरी कड असलेल्या पट्ट्या घेऊ नका, मग सागवान बल्लारशाहचे असो की दांडेलीचे.

शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत ज्यांची जुनी माडी आहे, त्यांना यातील बराच भाग लागू पडत नाही, कारण कडीपाटाच्या, म्हणजे तुळयांवर लाकडी फळ्या टाकलेल्या, माडीला खालून हवा लागते आणि तिथे खरा धोका भिंतीत गेलेल्या तुळयांच्या टोकांना असतो. तिथल्या फळ्या घासण्यापूर्वी तुळईचे टोक टोच्याने टोचून पाहावे. टोच्या सहज आत गेला तर आधी सुतार किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग पॉलिश. पुराच्या पट्ट्यातील घरांसाठीही एवढे सांगतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी तिच्या पुष्कळ वर गेले तेव्हा तळमजल्यावरची फ्लोअरिंग दिवसेंदिवस बुडून राहिली. अशा वेळी लॅमिनेट वाचत नाही. भरीव सागवान वाचू शकते, पण मध्ये मध्ये पट्ट्या उचलून खालचा कोबा उघडा करावा लागतो, गाळ धुऊन काढावा लागतो आणि पंख्याच्या हवेने महिनोन्महिने सावकाश वाळवावे लागते. हीटर लावून घाईने वाळवल्यास पट्ट्या तडकतात.

आता तुमच्या कामाचे वेळापत्रक. सध्या खोलीत एक साधे आर्द्रतामापक लावा. ते ७० च्या वर राहत असेल तर दिवसातून काही तास एसी ड्राय मोडवर चालवा आणि पावसाच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत फ्लोअरिंगवर येऊ देऊ नका. ओलाव्याचे मूळ या महिन्यात शोधून बंद करा आणि भिंत वाळू द्या. नोव्हेंबरच्या शेवटी मीटरने पुन्हा मोजा. भिंतीजवळचा आणि मध्यावरचा आकडा जवळपास सारखा आला आणि कडा खाली बसल्या, तरच काम हाती घ्या. फरक दोन-तीन टक्क्यांहून अधिक असेल तर जानेवारीपर्यंत थांबा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पॉलिशचे खरे दिवस. पावसाळ्यात पीयू सावकाश सुकते, लॅकर आणि मेलामाइनवर धुरकट पांढरेपणा येतो, आणि फुगलेल्या पट्ट्यांवर मारलेला थर थंडीत सांध्यांवर फाटतो.

पॉलिशवाल्यांना काम देताना काही गोष्टी आधी ठरवून घ्या. पूर्ण घासायची वेळ आलीच तर पेपर ४० किंवा ६० नंबरपासून सुरू करून ८०, १०० आणि १२० असे क्रमाने जायचे. मधले नंबर गाळले तर खोल ओरखडे राहतात आणि ते पीयू चढल्यावर उन्हात उठून दिसतात. कडा आणि कोपरे हातमशीनने करायचे. पीयूच्या दर दोन थरांच्या मध्ये धूळ व्हॅक्यूमने काढायची, फडक्याने झटकायची नाही. दोन भाग मिसळून वापरायच्या पीयूची वाफ फुप्फुसांना घातक असते, म्हणून काम करणाऱ्यांना योग्य मास्क हवा आणि लहान मुले व दम्याचे रुग्ण त्या दिवसांत दुसरीकडे राहावेत. अळशीच्या तेलाची किंवा तेलयुक्त पॉलिशची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नका. ती आपोआप तापून पेट घेतात. ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावीत किंवा मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवावीत. शेवटच्या हातानंतर दुसऱ्या दिवशी मोज्यांनी चालता येते, पण पीयू पूर्ण कडक व्हायला साधारण एक आठवडा लागतो. तोपर्यंत सोफा आणि टेबल उचलून ठेवायचे, ओढायचे नाही. गालिचा दोन आठवड्यांनी अंथरा, आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी त्याची जागा थोडी हलवत राहा, कारण उन्हाने सागवानाचा रंग बदलत जातो आणि गालिच्याखालचा भाग मागे राहतो.